वेप बंद, खर्रा चालू : बंदी बरी का टॅक्स बरा?

वणीकर भाऊ (यवतमाळ)
मले एक गोष्ट समजून नाही राहिली बावा. 2019 पासून आपल्या देशात वेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट, बनवणं, विकणं, बाहेरून आणणं, जाहिरात करणं सगळं बंद हाय. पहिल्यांदा सापडला तं एक वर्षापर्यंत जेल नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही, दुसऱ्यांदा तीन वर्षं अन् पाच लाखापर्यंत. अन् त्याच देशात आपल्या बसस्टँडच्या टपरीवर सकाळपासून पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, घोटणं चालू. गुटखा राज्यात 2012 पासून बंद, सुगंधी तंबाखू बंद, पण जिथं मिळत नाही असं एक गाव दाखवा मले.

जे बंद होतच नाही त्याच्यावर टॅक्स लावा ना मंग. इंग्लंडनं ठरवलं, 1 ऑक्टोबर 2026 पासून वेपच्या 10 मिली लिक्विडवर 2.20 पौंड, म्हणजे आपले अडीचशेच्या आसपास, वरून व्हॅट वेगळा. जर्मनीनं तं 2022 पासूनच मिलीच्या हिशोबानं लावला. आपल्याकडं टॅक्स शून्य अन् नागपुरात माल चोरून चालूच. सरकारले काय भेटलं यात?

झाडीपट्टीची लेक (गडचिरोली)
भाऊ, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी 1993 पासून आहे. दारू मिळते का? मिळते, खोटं कायले बोलू. पण बाया जवा दारूचा सडवा फेकतात, मडकी फोडतात, तवा पोलिसाले त्यांचं ऐकावं लागते, कारण कायदा त्यांच्या बाजूनं आहे. टॅक्स भरलेली बाटली फोडली असती तं गुन्हा बायांवरच लागला असता. हा फरक नागपुरात बसून दिसत नाही.

अन् खर्र्याचं उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. उघड विकल्या जाते म्हणूनच शाळेतलं पोट्टं खाते. वेप आमच्या गावात अजून पोचला नाही, ते या कायद्यामुळंच.

वणीकर भाऊ
मी नागपुरात नाही ताई, वणीतच हाय 😀

रिटायर मास्तर (वर्धा)
आमचा जिल्हा तर गडचिरोलीच्याही आधीपासून कोरडा. कागदावर. हद्द ओलांडली की नागपूर जिल्हा, तिकडं लायसनवाली दुकानं, शनिवारी संध्याकाळी गाड्या कुठल्या जिल्ह्यातून आलेल्या असतात ते सांगायला नको. अमेरिकेतही हेच झालं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं 2019 च्या कायद्यानं चवीचे वेप आणि मेन्थॉल सिगारेट दोन्ही बंद केले, वेपवर घाऊक किमतीच्या 75 टक्के टॅक्सही लावला, आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये चवीचा माल उघड, टॅक्सही किरकोळ. तासाभराचा गाडीरस्ता. मिनेसोटात तर 95 टक्के टॅक्स आहे. एकाच देशात इतका फरक ठेवला की सीमेवरच्या दुकानदाराची चांदी, बाकी काही होत नाही. म्हणून माझं मत वणीकरांच्या बाजूला झुकतं, पण टॅक्स सगळीकडं सारखा पाहिजे ही अट.

चिमूरवाला
मास्तर तुम्ही चंद्रपूर विसरले. 2010 ला आमच्या इकडच्या बाया चिमूरवरून पायी नागपूर अधिवेशनावर गेल्या, 2015 ला बंदी झाली, 2021 ला उठली, म्हणजे मागाले पाच वर्षं अन् उठवाले एक मीटिंग, अन् उठवताना सांगितलं की अवैध दारू वाढली गुन्हे वाढले, अरे मंग ते थांबवणं कोणाचं काम होतं, बायांचं का? एकदा टॅक्सची चव लागली की कोणतंच सरकार ते सोडत नाही, कोणत्याही पार्टीचं असो. अन् टॅक्स लावते तेही कोणावर? सप्टेंबर 2025 ले जीएसटी कौन्सिलनं ठरवलं सिगारेट पानमसाला 40 टक्क्यावर, अन् बिडी 28 वरून खाली 18 वर. बिडीनं कॅन्सर होत नाही वाटते.

तेंदू हंगाम (कोरची)
ओ चिमूरवाले, बिडीवर बोलण्याआधी मे महिन्यात आमच्याकडं येऊन पाहा. तेंदूपत्त्याचा टॅक्स 18 चा 5 केला त्यात काय वाईट झालं? आमच्या ग्रामसभा स्वतः पत्ता तोडून विकतात, खरिपाचं बियाणं त्याच पैशातून येते. सिगारेटच्या कंपनीले अन् पत्ता तोडणाऱ्या बाईले एकच माप लावता काय?

चिमूरवाला
बाईले नाही लावत दादा, बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाले लावतो.

औषधीवाला (उमरेड)
दोन्ही बाजूवाल्यांनी ऑस्ट्रेलिया वाचा. तिथं जुलै 2024 पासून वेप फक्त मेडिकलमध्ये. ऑक्टोबरपासून मोठ्या माणसाले चिठ्ठीबिगर पण भेटते, निकोटीन 20 मिलिग्रॅम प्रति मिलीपर्यंत, अन् फार्मासिस्टनं आधी बोलायचं. ऐकाले लय मस्त. पण बऱ्याच फार्मसीवाल्यांनी माल ठेवायलेच नकार देला, अन् सिगारेटवर टॅक्स इतका चढवला की चोरीच्या सिगारेटचा धंदा फोफावला, मेलबर्नात त्यापायी दुकानं जाळली टोळ्यांनी. म्हणजे टॅक्सही जास्त ताणला तं बंदीसारखाच फाटते.

आपल्याकडं तं तेही नको. अर्ध्या मेडिकलात फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भितीवर असते अन् फार्मासिस्ट पुण्यात.

वणीकर भाऊ
औषधीवाले भाऊचं खरं हाय, म्हणून मी ऑस्ट्रेलिया नाही, इंग्लंड म्हटलं. तिथं सिगारेट सोडवाले सरकारच वेप देते, अन् वापरून फेकायचे वेप जून 2025 पासून बंद केले, कारण पोट्टे तेच घेत होते. नेमकं तेवढंच कापलं.

अन् ताई, आपल्या कायद्यात ओढणं गुन्हा नाहीच. विकणं गुन्हा, साठा ठेवणं गुन्हा, त्याले सहा महिने नाहीतर पन्नास हजार. सिंगापुरात ओढणाऱ्यालेही दंड हाय, 2018 पासून. आपण ना सिंगापूर ना इंग्लंड, मधातच लटकलो.

झाडीपट्टीची लेक
ओढणाऱ्याले दंड नाही तेच बरं आहे. उद्या सतरा वर्षांच्या पोट्ट्याले पोलीस उचलून नेईन अन् बाप वावर गहाण ठेवून सोडवून आणीन, ते पाहिजे का तुम्हाले? विकणाऱ्याले धरा.

अन् इंग्लंडचा टॅक्स मिलीवर आहे, कारण तिथं लिक्विड कारखान्यातून बाटलीत भरून येते, मोजता येते. पहिले निकोटीन पाहून तीन दर लावणार होते, मंग सरसकट एकच केला. मोजमाप असलेल्या मालावरही त्यांचा गोंधळ झाला. तुम्ही खर्र्यावर टॅक्स कसा लावसान? घोटणारा पावती फाडून देईन का?

वणीकर भाऊ
खर्र्यातल्या तंबाखूच्या पुड्यावर लागतेच की टॅक्स.

झाडीपट्टीची लेक
लागते ना. मंग खर्रा कमी झाला का वणीत?

रिटायर मास्तर
वणीकर, द्या उत्तर.

वणीकर भाऊ
देतो मास्तर, पऱ्हाटीले पाणी चालू हाय, लाइन आठ वाजता जाते. रातच्याले लिहितो.