शुगर खानदानी आहे, मग तर्री पोहे सोडून काय फायदा?

सदरचा_पोट्टा
काल रिपोर्ट आला, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.१. वय ३९. आजोबा शुगरचे, बाबांना ४८ व्या वर्षी लागली, काका, आत्या सगळे त्याच लायनीत. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, चाला, तेलकट बंद करा. माझं म्हणणं एवढंच की रक्तातच आहे तर होणारच आहे ना, आज नाही तर पाच वर्षांनी. ऑफिसातला एक जण रोज माझ्यासोबत तर्री पोहे हाणते, वरून जिलेबी, त्याची उपाशीपोटी शुगर ९० च्या वर जात नाही. मग जीन्सच झालं ना सगळं? लोकं उगाच वातावरण वातावरण करून राहिले.

महालकर
का बे भाऊ, मग पिमा लोकांचं काय सांगशील? एकाच मुळाचे आदिवासी, काही अमेरिकेत अॅरिझोनात राहतात, काही पलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात. २००६ साली दोघांची तुलना छापून आली, अॅरिझोनावाल्यांत शुगर ३८ टक्के मोठ्या माणसांना, मेक्सिकोवाल्यांत ७ च्या आसपास. तिकडचे शेतात राबतात, इकडचे गाडीत फिरतात आन् पाकिटातलं खातात. रक्त तेच आहे.

सदरचा_पोट्टा
आणि तिथेच राहणाऱ्या गोऱ्यांना एवढी शुगर काहून नाही? तेच पाकीट, तीच गाडी. फिरून जीन्सवरच आला न तू.

काटोलचा_संत्रावाला
मला जीन्स बिन्स नाही समजत, कलम समजते. आमच्याकडे दोन भावांनी एकाच झाडाचे डोळे बांधले, काही जंभेरीच्या खुंटावर (खुंट म्हणजे खालचं मुळाचं झाड), काही रंगपूर लाईमच्या. वरची जात सेम टू सेम. भावाचं वावर निचऱ्याचं आहे, तिथे दोन्ही खुंट सारखेच आले, आजही उभं राहून ओळखू येत नाही कोणतं झाड कशावर आहे. माझा खालचा तुकडा चोपण, पावसाळ्यात पाणी साचते. तिथे जंभेरीवाल्यांना डिंक्या लागला, बुडाशी साल फुटून डिंक गळे, तीन-चार वर्षांत निम्मी झाडं वाळली, आणि रंगपूरवाली टिकली. आता सांगा, झाड कशाने मेलं, खुंटाने का पाण्याने? भावाच्या वावरात खुंटाचा फरक शून्य, माझ्या वावरात सगळाच फरक खुंटाचा.

धरमपेठची_मास्तरीण
काटोलच्या दादांनी एका झटक्यात सांगितलं, मला वर्गात दोन तास लागतात. लोक विचारतात माझ्या शुगरीत जीन्स किती टक्के, तर एका माणसापुरता हा प्रश्नच बसत नाही. उंचीचं घ्या, ८० टक्के आनुवंशिक म्हणतात, त्याचा अर्थ एका ठिकाणच्या, एका काळच्या लोकांमधला फरक. तुमच्या पाच फूट सहा इंचातले साडेचार फूट आईबाबांचे आणि उरलेलं वरणभाताचं, असा हिशेब नाही. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी २० सेंटीमीटरने उंच झाल्या, एवढ्यात जीन्स थोडीच बदलतात.
आणि पुण्याचं आहे म्हणून सोडून देऊ नका, पण तिथले शुगरचे संशोधक डॉ. याज्ञिकांनी तिकडच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली, वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधली साडेतीनची, तरी चरबी मात्र त्या मानाने जपलेली. म्हणजे वातावरण आईच्या पोटातच सुरू होतं, ते तुमच्या पोह्यांच्या कितीतरी आधीचं आहे.

इमामवाडा_सिस्टर
इथे थोडी भांडते. सगळंच असं हवेवर सोडू नका. आमच्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एका जीनमधलं एक अक्षर बदललं, दोन्हीकडून आलं की आजार होतोच, कितीही चाला. एस एस, म्हणजे दोन्हीकडून आलेल्या पेशंटला व्यायाम सांगून बरं करता येत नाही, आणि "खाण्यापिण्याकडे लक्ष नाही दिलं" म्हणून आईला बोल लावणारे नातेवाईक मी वॉर्डात पाहिलेत.

महालकर
पण सिस्टर, मे महिन्यात गर्दी वाढते का नाही तुमच्याकडे?

इमामवाडा_सिस्टर
वाढते. ४५ डिग्रीत उन्हात काम, पाणी कमी, अंगातलं पाणी आटलं की पेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात, मग हाडं धरून ओरडतात लेकरं. म्हणून बाटली सोबत ठेवा हेच रोज सांगते. आजार जीनचा, झटका बरेचदा उन्हाचा, हे मान्य. आणि एकाच बाजूने आलेला असला तर मलेरियाच्या जंगलात तो जीन जीव वाचवते, शहरात त्याचा काही उपयोग नाही. पण म्हणून पेशंटचा दोष नाही, माझं भांडण तेवढंच.

सदरचा_पोट्टा
बरं मग माझ्या ऑफिसवाल्याचं काय, तो रंगपूर आणि मी जंभेरी?

काटोलचा_संत्रावाला
हाव. आणि तुम्ही बुडाशी पाणी तुंबवून राहिले.

सदरचा_पोट्टा
तर्री न टाकता पोहे खाऊ का मग?

महालकर
तर्रीत चणे तरी असतात बे, शुगर तर पोह्यात आहे.