रॅमचा टीआरईएफआय ताणताय? मग टेस्ट दुपारी लावा

'३६००ला सीएल १८ म्हणजे ३२०० सीएल १६ पेक्षा रॅम हळू' हे म्हणणं काही पटलं नाही. ३६००, ३२०० हे रॅमचे वेग, आणि सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती क्लॉक सायकल घेते ते. सीएल गुणिले २००० भागिले वेग करून बघा, दोन्हीकडे १० नॅनोसेकंदच येतात. शिवाय ३६००ला बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, जास्त.

टीआरईएफआय, म्हणजे रॅमच्या दोन रिफ्रेशमधला वेळ, बिनधास्त वाढवणाऱ्यांनी मात्र आपल्याकडचा उन्हाळा धरून चालावं. रॅममधला चार्ज सतत गळत असतो, म्हणून डीडीआर४ रॅमला सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश, म्हणजे तो चार्ज पुन्हा भरणं, लागतं. रॅम ८५ अंशांच्या वर तापली तर दुप्पट वेळा. कोपरखैरण्यात आमच्या गच्चीखालच्या खोलीत रात्री एसीत मेमरी टेस्ट आरामात पार करणारी सेटिंग मे महिन्यातल्या दुपारी, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा रॅमवर येत असताना, एरर फेकते. टेस्ट लावायची तर एसी बंद ठेवून, कार्डावर लोड देऊन लावा. घामही निघेल, पण इलाज नाही.