अर्होपालाच्या अळीला विणकर मुंग्या का खात नाहीत?

प्रश्न: ऐनाच्या झाडाच्या कोवळ्या पानावर अर्होपाला सेंटॉरस या फुलपाखराची अळी आहे, भोवती सतत विणकर मुंग्या. इतर अळ्यांचे त्या तुकडे करतात, मग हिला का सोडतात? वाढवायची तर मुंग्याही ठेवाव्या लागतील का?

उत्तर १: तिच्या उदराच्या ७व्या खंडावर, पाठीच्या मध्यावर, मधुग्रंथी असते. मुंगीने मिशांनी थापटलं की साखर आणि अमिनो आम्लं असलेला थेंब बाहेर येतो. ८व्या खंडावर आत-बाहेर होणारी दोन शुंडकं (मऊ, बोटांसारखे अवयव) असतात. ती बाहेर आली की मुंग्या सावध होतात. अंगभरच्या सूक्ष्म ग्रंथींचे स्राव त्यांचा आक्रमकपणा कमी करतात. अळीला मिळतं ते परजीवी गांधीलमाश्यांपासून संरक्षण.

उत्तर २: याला निव्वळ देवघेव मानू नका. जपानमधल्या अर्होपाला जॅपोनिकावरच्या २०१५च्या संशोधनात, मधुग्रंथीचा स्राव चाटलेल्या मुंग्यांच्या मेंदूतलं डोपामाइन हे संदेशवाहक रसायन घटलेलं आढळलं. त्यांची हालचाल मंदावते आणि त्या अळीजवळच थांबतात. मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

उत्तर ३: मुंग्या नसल्या तरी अळी वाढू शकते. मात्र न चाटलेल्या स्रावावर बुरशी येऊन अळी दगावू शकते. डब्याला हवाबंद झाकण नको, जाळी लावा. कोवळी पानं आणि तळाचा कागद रोज बदला, साचलेला थेंब ओलसर मऊ ब्रशने टिपा. मुंग्यांच्या घरट्याच्या आत चपटी, कडक पाठीची अळी दिसली तर ती लिफायरा ब्रासोलिस या दुसऱ्या फुलपाखराची. ती मुंग्यांचीच पिल्लं खाते. तिला पानं घालून उपयोग नाही.