परसदारी गादीवाफे: आत माती कोणती भरावी?

एडिसनहून (न्यू जर्सी, अमेरिका), मार्चचा पहिला आठवडा

मंडळातील सर्व ज्येष्ठांस सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही येथे घर घेतले. मागील अंगणात यंदा भाजीपाला लावावा अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. परवा कुदळ मारून पाहिली, तर वीतभर खाली लालसर, चिकट माती लागली. पाऊस पडून गेला की तेथे दोन दिवस पाणी उभे राहते आणि ऑगस्टमध्ये तीच माती विटेसारखी कडक झालेली आम्ही पाहिली आहे. म्हणून जमिनीवर लाकडी चौकटी ठेवून ४ फूट रुंद व ८ फूट लांब असे तीन गादीवाफे करण्याचा बेत आहे. चौकटीसाठी लाकूड कोणते घ्यावे आणि आत काय भरावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. जवळच्या एका तबेल्यातून घोड्यांची जुनी लीद विनामूल्य मिळते आहे, ती निम्मी घातली तर चालेल का? शिवाय आई मे महिन्यात सांगलीहून यायची आहे आणि येताना वालाचे व मेथीचे घरचे बी आणते असे म्हणते. त्याबद्दलही मार्गदर्शन व्हावे.

आपला नम्र,
एक नवीन सभासद

पिस्कॅटवेहून, दुसऱ्या दिवशी

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील लिदीचे वाक्य वाचले आणि लगेच उत्तर लिहायला बसले, कारण त्याच चुकीपायी आमचा एक संपूर्ण हंगाम हातचा गेला होता. कृपया ती लीद परीक्षा केल्याशिवाय वाफ्यात घालू नका.

आम्हालाही एका तबेल्यातून दोन वर्षे कुजलेली, काळीभोर, भुसभुशीत लीद मिळाली होती. तिला कसलाही वास येत नव्हता आणि हातात घेतली तर कोणीही उत्तम खत म्हणून पसंत केली असती. टोमॅटोची रोपे लावल्यानंतर तीन आठवड्यांनी शेंड्याची नवी पाने उघडेनाशी झाली. ती नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखी आत वळली, शिरा एकमेकींना समांतर व जाड झाल्या, आणि शेजारच्या घेवड्याची पाने द्रोणासारखी वाटोळी झाली. प्रथम आम्हाला रोग वाटला, नंतर पाणी कमी पडते असे वाटले. खरे कारण घोड्यांनी खाल्लेल्या वाळक्या गवतात होते. कुरणातील रुंद पानांचे तण मारण्यासाठी अमिनोपायरॅलिड किंवा क्लोपायरॅलिड या वर्गातील औषधे फवारतात. गवताला त्यांचा उपद्रव होत नाही, जनावराच्या पोटातूनही ती जशीच्या तशी बाहेर पडतात आणि खताच्या ढिगात पुष्कळ काळ टिकून राहतात. टोमॅटो, वांगी, मिरची आणि शेंगवर्गातील सगळी पिके मात्र त्यांच्या अगदी अल्प अंशानेही वेडीवाकडी होतात. तबेल्याच्या मालकांना बहुधा याची कल्पनाही नसते, कारण गवत ते दुसऱ्याकडून विकत घेतात.

परीक्षा घरच्या घरी होते. लीद आणि विकतची कुंडीची माती निम्मी-निम्मी मिसळून तीन-चार कुंड्या भरा, तितक्याच कुंड्या नुसत्या विकतच्या मातीच्या भरा आणि सगळ्यांत घेवड्याचे किंवा वाटाण्याचे दाणे पेरून त्या खिडकीतील उन्हात ठेवा. दोन्हीकडची रोपे तीन आठवडे शेजारी शेजारी पाहावीत. लिदीच्या कुंड्यांतील तिसरे-चौथे पान सरळ, सपाट उघडले तर खत निर्धास्त वापरावे, आणि एकही पान वळले तर सगळी लीद परत करावी. आपण मार्चमध्येच विचारलेत, त्यामुळे या परीक्षेला वेळ पुरेसा आहे.

आता भरणीविषयी. ४ बाय ८ फुटांचा, फूटभर उंचीचा एक वाफा भरायला ३२ घनफूट, म्हणजे सुमारे सव्वा घनयार्ड माती लागते. तीन वाफ्यांचा हिशोब केला तर पिशव्या विकत आणणे परवडत नाही, ट्रकने सुटी माती मागवावी. आमच्या मते साधारण साठ टक्के चांगली पोयट्याची माती आणि चाळीस टक्के कुजलेले कंपोस्ट हे प्रमाण योग्य आहे. पुष्कळ जण उत्साहाच्या भरात नुसते कंपोस्टच भरतात. ते पहिल्या पावसाळी आठवड्यात ओलेगच्च राहते, उन्हाळ्यात झटकन वाळते आणि पुढच्या वसंतापर्यंत कुजून वाफा बराच खाली बसतो. तळाशी खडी घालू नये, तिने निचरा सुधारत नाही. खालची लाल माती खणून सैल करावी आणि हिरवळीवर चिकटपट्ट्या काढलेले साधे पुठ्ठे अंथरून त्यांवर भरण घालावी. पुठ्ठे हंगामभरात कुजून जातात आणि मुळे आपोआप खाली उतरतात.

आपले घर १९७८ पूर्वीचे असेल तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगातील शिसे असू शकते. वाफे भिंतीपासून दूर मांडावेत आणि रट्गर्स विद्यापीठाच्या मातीपरीक्षण प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा. सामूबरोबर (मातीची आम्लता, म्हणजे pH) शिशाचीही तपासणी मागून घ्यावी.

लाकडाचे उत्तर थोडक्यात देते. सीडर महाग पण टिकाऊ आहे, साधे पाइन काही वर्षांत कुजते. जुने, कोठून तरी मिळालेले प्रक्रिया केलेले लाकूड नको, कारण २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असे. रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत. रुंदी चार फुटांहून वाढवू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. तुडवलेला वाफा आणि साधी जमीन यांत मग काही फरक उरत नाही. अंगणात किंवा शेजाऱ्याकडे काळ्या अक्रोडाचे झाड असेल तर त्यापासून लांब राहावे, त्याच्या मुळांतील द्रव्याने टोमॅटो व वांगी कोमेजतात.

गादीवाफ्याचा खरा लाभ मला मार्च-एप्रिलमध्ये दिसतो. शेजारची जमीन चिखलमय असतानाही वाफ्याला वाफसा, म्हणजे पेरणीजोगा बेताचा ओलावा, आलेला असतो. मूठभर माती घट्ट दाबून पाहावी. गोळा होऊन बोटाच्या टोकाने सहज फुटली तर पेरायला हरकत नाही, आणि बोट रुतून पाणी सुटले तर थांबावे. मेथी, पालक, कोथिंबीर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पेराव्यात. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करून घ्यावेत. भेंडी, गवार, दोडका, कारले यांची घाई करू नये. मदर्स डे (मेचा दुसरा रविवार) उलटेपर्यंत येथे कडाक्याच्या रात्रीचे भय असते, आणि भेंडीला तर माती ६५ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्याशिवाय उगवायचे नसते. थंड मातीत ती कुजते आणि आपण बियाण्याला दोष देत बसतो.

पहिल्या वर्षी तिन्ही वाफे करण्याऐवजी एकच करावा, असा माझा आग्रह आहे. ग्राउंडहॉग (बिळात राहून भाजी फस्त करणारा प्राणी) व हरणे आपल्या भागात किती येतात, ऊन दुपारी कोठवर पोहोचते, हे एका हंगामात कळते. जाळीचे खांब रोवण्यापूर्वी ८११ वर दूरध्वनी करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात.

आपली,
पिस्कॅटवेच्या काकू

ब्रिजवॉटरहून, त्याच रात्री

काकूंनी सर्व सविस्तर लिहिले आहे, मी केवळ बियाण्यापुरते लिहितो.

आईंना कृपया सामानात बी तसेच घालून आणू देऊ नये. पेरणीच्या बियाण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. थोड्या बियाण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा वेगळा परवाना आधी काढता येतो. त्यात एका जातीच्या पुडीत ५० दाणे किंवा १० ग्रॅम अशी मर्यादा असते. परवाना नसताना पुडी सापडली तर ती जप्त होते आणि न सांगता आणलेली असेल तर दंडही होऊ शकतो. सत्तरीच्या माउलीला विमानतळावर तो मनस्ताप कशाला? मेथी तर येथील भारतीय किराणा दुकानात मिळणाऱ्या दाण्यांचीही उत्तम उगवते.

वालाची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या वालांना दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुले येत नाहीत. जूनअखेरीस मुंबईत दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तर येथे पंधरा तासांचा. त्यामुळे वेल मांडवभर पसरतो, पाने तळहाताएवढी होतात, आणि जांभळा तुरा सप्टेंबरच्या उत्तरार्धात दिसतो. शेंगेत दाणा भरेपर्यंत ऑक्टोबरमधील गोठवणारे हिमदव पडून वेल एका रात्रीत काळा पडतो. मी सलग चार वर्षे आजोळच्या वालाची हीच वाट पाहिली. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेल्या अर्का जय व अर्का विजय या बुटक्या जाती दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत. परवाना काढणारच असाल तर आईंना त्या शोधायला सांगावे. घरच्या वालाचा हट्टच असेल तर एक वेल मोठ्या कुंडीत लावावा आणि ऑक्टोबरात घरात घ्यावा. मूठभर शेंगा मिळतात, पण बिरड्यापुरत्या नव्हेत.

आपला स्नेही,
ब्रिजवॉटरचे एक सभासद

एडिसनहून, मार्चचा चौथा आठवडा

काकूंना व ब्रिजवॉटरच्या काकांना मनापासून धन्यवाद. सूचनेप्रमाणे लिदीच्या चार आणि नुसत्या मातीच्या चार कुंड्यांत घेवडा पेरला होता. आज एकविसावा दिवस आहे. नुसत्या मातीतील पाने तळहातासारखी सपाट आहेत, तर लिदीच्या तीन कुंड्यांत तिसरे पान कडेने वर वळून वाटीसारखे झाले आहे. तबेल्याच्या मालकांना कुंड्या नेऊन दाखवल्या. त्यांनी पाने निरखून पाहिली आणि गवत विकणाऱ्याकडे चौकशी करतो म्हणाले. लीद परत केली. एका वाफ्यापुरती सव्वा यार्ड माती व कंपोस्ट शनिवारी येत आहे, पण त्या कंपोस्टचीही हीच परीक्षा करीन. कुंड्या पुन्हा भरून ठेवल्या आहेत. मातीचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला आहे. आईला घरचे बी आणू नकोस असे कळवले आणि परवान्याचा अर्जही भरला आहे. ती थोडी हिरमुसली, परंतु अर्का जयचे बी कोठे मिळते याची चौकशी तिने सांगलीत कालच सुरू केली.