गलीना गावातील जुन्या इमारती इतक्या मोठ्या संख्येने कशा टिकल्या?

पायवाट (प्रश्न)
इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील गलीना या गावी नुकताच दोन दिवस राहण्याचा योग आला. लोकसंख्या जेमतेम ३,३०० आहे. पण नदीच्या वळणानुसार वळत जाणाऱ्या मेन स्ट्रीटवर तांबड्या विटांची दोन-तीन मजली दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत आणि गावातील सुमारे ८५ टक्के इमारती वारसा क्षेत्रात मोडतात. अमेरिकेतील इतर अनेक गावांत या काळच्या बाजारपेठा पाडून तेथे वाहनतळ झालेले मी पाहिले आहेत. मग हेच गाव कसे वाचले? ते श्रीमंत होते म्हणून, की पुढे गरीब झाले म्हणून?

चुनखडी
दोन्ही कारणे खरी आहेत, आणि त्याच क्रमाने. गलीना हे शिशाच्या खनिजाचे नाव असून गावाला ते १८२६ मध्ये मिळाले. १८४५ च्या सुमारास देशातील बहुतांश शिसे याच परिसरातून निघत असे आणि मिसिसिपीतून येणाऱ्या आगबोटी थेट गावाच्या धक्क्याला लागत. त्या पैशातून हा बाजार उभा राहिला. मात्र शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी टेकड्यांवरील झाडे तुटली, उघड्या उतारांवरील माती पावसाबरोबर नदीत आली आणि पात्र गाळाने भरत गेले. कॅलिफोर्नियातील सोन्याने खाणकामगार ओढून नेले, १८५४ मध्ये रेल्वे आली आणि बोटींचा माल तिकडे वळला. जुने पाडून नवे बांधावे इतका पैसाच पुढे गावात कोणाकडे उरला नाही.

कमानदार
चुनखडी यांचे म्हणणे निम्मे पटते. पडझड होऊ देणे आणि जपणे यांत फरक आहे. गरिबीने इमारती पाडल्या गेल्या नाहीत हे खरे. पण वारंवार येणाऱ्या पुरांपासून त्यांना गरिबीने वाचवलेले नाही. त्यासाठी १९५१ मध्ये बांध घालून मेन स्ट्रीटच्या तोंडाशी पूर-दरवाजे बसवावे लागले. बाजारात शिरताना आपण ज्या अवजड हिरव्या दरवाजांतून गेला असाल, ते हेच. १९६९ मध्ये वारसा क्षेत्राची राष्ट्रीय नोंद झाली, तीही कोणीतरी आग्रह धरल्यावाचून होत नाही.

भरभराटीचा काळ आखूड असल्यामुळे शैलींतील बदल येथे फार जवळून वाचता येतात. १८२६ चे डाउलिंग हाउस म्हणजे चुनखडीच्या जाड भिंती, खाली व्यापाराची जागा आणि वर राहते घर, एवढेच. १८४० च्या दशकातील, काँग्रेस सदस्य एलिहू वॉशबर्न यांच्या घराला ग्रीक मंदिराची आठवण देणारे खांब आले. १८६० च्या, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँट यांच्या घराचे छप्पर भिंतीबाहेर लांब आले असून त्याच्या कडेखाली लाकडी ब्रॅकेटांची रांग आहे. नागरिकांनी १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध जिंकून परतलेल्या या सेनापतीला हे घर भेट दिले. त्याआधी ते याच गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करीत होते.

माझ्या मते मात्र गावाचे खरे सौंदर्य एकेका घरात नाही, ते चढणीत आहे. दुकानांच्या पाठी टेकडीला टेकलेल्या आहेत, त्यावर बेंच स्ट्रीट, त्यावर आणखी घरे, आणि मधून उभे दगडी जिने. एखाद्या जिन्याच्या मध्यावर थांबून मागे वळलो, की खालच्या दुकानांची धुराडी डोळ्यांच्या पातळीवर येतात.

पायवाट
दोघांचेही मनापासून आभार. ते दरवाजे पाहिले होते, पण त्यांना शोभेची वेस समजलो होतो. ग्रीन स्ट्रीटवरील दगडी टपाल कार्यालय एवढ्या लहान गावाला फार भारदस्त वाटले. त्याची हकिकत कोणी सांगू शकेल का?

चुनखडी
ती इमारत मुळात टपाल कार्यालय आणि जकातघर अशी दोन्ही कामांसाठी १८५७ ते १८५९ या काळात बांधली गेली. बांधकामावर देखरेख होती सेनेका या मूळ अमेरिकी समाजातील अभियंता ईली पार्कर यांची. ग्रँट यांच्याशी त्यांची ओळख गलीनातच झाली, आणि ९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती ली यांनी ग्रँट यांच्यापुढे पत्करलेल्या शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत पार्कर यांनीच लिहिली. नदीबंदर म्हणून जकातघर मंजूर झाले खरे, पण ते पूर्ण होईपर्यंत बोटींची वर्दळ ओसरू लागली होती. टपाल मात्र आजही तेथूनच वाटले जाते.