अनुभव धागा : 2024 चं खेळवर्ष, त्या घटकेला तुम्ही कुठे होता?

मंडळी, 2024 मध्ये खेळाच्या जगात काय काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. धावफलक कुठेही मिळेल. मला हवं आहे ते वेगळं. त्या घटकेला तुम्ही कुठे होता, शेजारी कोण होतं, लाईट होती की नव्हती, कोण रडलं? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, तिकडे भालकी-बिदर, जोयडा-कारवार, जिथे असाल तिथून लिहा. भाषा घरची चालेल. सुरुवात मीच करते.

वडगाव, बेळगाव (धागा काढणारी)

29 जून, शनिवार. टी-20 विश्वचषकाची फायनल. आमच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत असतो. त्या दिवशी मात्र आठ वाजताच माग थांबले आणि गल्ली इतकी गप्प झाली की पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायला लागला. टीव्ही ओट्यावर आणला होता, वर ताडपत्री. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या, क्लासेन मारत सुटला होता. 2023 च्या 19 नोव्हेंबरला हरलेल्या विश्वचषक फायनलची आठवण सगळ्यांच्याच पोटात होती, त्यामुळे कुणी बोलत नव्हतं. मग हार्दिकनं क्लासेनला काढलं, बुमराहनं 18 व्या षटकात दोनच धावा दिल्या. शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला, तेव्हा भाऊ ताडपत्रीच्या दोरीला धरून ओरडला आणि साठलेलं सगळं पाणी आमच्या अंगावर आलं. सात धावांनी जिंकलो.

पण मला आठवतो तो नंतरचा क्षण. समोरच्या घरातले अज्जा कन्नड बोलणारे, आमचं मराठी घर. कोहलीनं चषक प्रशिक्षक द्रविडच्या हातात दिला आणि एरवी ओठ मिटून बसणारा तो माणूस गर्जला. अज्जा म्हणाले, “नम्म हुडुगा!” आई लगेच म्हणाली, “आमचापण तो. घरात मराठी बोलतात त्याच्या.” दोघांचंही खरं. जन्म इंदूरचा, वाढला बेंगळुरूत. 2007 साली त्याच वेस्ट इंडीजमध्ये पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या संघाचा तो कर्णधार होता. अज्जांनी घरातनं कुंद्याचा डबा आणला. आमच्याकडे दोन भाषांवरून बरंच काही होत असतं, मी लहानपणापासून पाहत आलेय. त्या रात्री एका माणसावर दोघांनी हक्क सांगितला आणि तो दोघांनाही पुरला.

सदलगा, चिकोडी तालुका (शेती)

आमची दूधगंगा राधानगरी तालुक्यातनं येते. जुलैच्या शेवटी तिला पूर होता, नदीकाठचा ऊस पाण्यात. 1 ऑगस्टला दुपारी एकच्या सुमारास मी आणि चुलतभाऊ उंचावरच्या गोठ्यात जनावरं बांधून बसलो होतो. मोबाईलवर पॅरिस ऑलिंपिकमधली नेमबाजीची, 50 मीटर रायफल थ्री पोझिशनची फायनल चालू होती. स्वप्नील कुसाळे कांबळवाडीचा, राधानगरी तालुक्यातला. म्हणजे जिथनं आमचं पाणी येतं तिथला. त्या दिवशी पाण्याचा राग यायचा सोडून मला त्या खोऱ्याचा अभिमान वाटला.

गुडघ्यावर बसून झालं तेव्हा तो सहावा. पालथं पडून झालं तेव्हा पाचवा. उभं राहून मारायला लागला तसा एकेक माणूस खाली जायला लागला. 451.4, ब्राँझ. भाऊ म्हणाला, खाशाबा जाधवांनंतर आपल्या मुलखात हेच. ते 1952 साली हेलसिंकीला, हा पॅरिसला. 72 वर्षं गेली की ओ मधी. बाप शिक्षक, स्वतः तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. अशा घरातला पोरगा कुणाच्या ओळखीत नसतो? सांगलीला जाताना रेल्वेत तिकीट दाखवताना मी आता त्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघतो.

निपाणी

माझी आई विड्या वळते. पिस्तूल नेमबाज मनू भाकरनं 28 जुलैला पहिलं ब्राँझ घेतलं आणि 30 ला सरबज्योत सिंगबरोबर दुसरं. आई सूप मांडीवर घेऊन बघत होती. हात थांबले नाहीत, पण म्हणाली, “तिचा हात बघ, जरा हलत नाही.” हाताच्या कामाची पारख असलेल्या बाईनं दिलेली दाद आहे ही.

बेळगावजवळचं एक खेडं (वस्ताद)

लिहिण्याची सवय नाही, नातवानं लिहून घेतलंय.

आमच्या तालमीत पोरांबरोबर आता नऊ पोरीही येतात. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या एशियाडला कुराशमध्ये (कुस्तीचाच एक प्रकार) ब्राँझ आणलं, त्यानंतर आईबापांची भीती थोडी मोडली. 6 ऑगस्टला 50 किलो गटात विनेशची सुसाकीशी कुस्ती. ती जपानची पोरगी परदेशी पैलवानाकडून कधी हरलीच नव्हती. विनेश 0-2 नं मागं, शेवटचे काही सेकंद राहिलेले, आणि तिनं पट धरून पाडली! आमच्या मातीत पोरी नाचल्या. त्याच रात्री ती फायनलला गेली. मी पोरींना सांगितलं, उद्या खुराक दुप्पट.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी. वजन 100 ग्रॅम जास्त, अपात्र.

ज्यानं वजन उतरवलंय त्यालाच हे कळेल. मी तरुणपणी मॅटच्या स्पर्धांना उतरलो तेव्हा एकदा उतरवलं होतं. अंगात दोन सदरे, वर रेनकोट, आणि भर उन्हात पळायचं. पाणी बंद. ओठ फुटतात. रात्री झोपेत नळाचा आवाज ऐकू येतो. सकाळी काट्यावर चढताना माणूस श्वास सोडतो, जणू श्वासालाही वजन आहे. आणि ती रात्रभर पळाली, केस कापले, तरी 100 ग्रॅम. मूठभर भिजवलेले हरभरे नसतील तेवढे. नियम नियम आहे, मी नियमाला नावं ठेवत नाही. वजन गटानंच लहान माणसाला न्याय मिळतो. पण एका दिवशी तीन कुस्त्या जिंकलेल्या पोरीचं त्या दिवशीचं यश दुसऱ्या दिवशीच्या काट्यानं पुसून टाकायचं, हे मला पटलेलं नाही, पटणार नाही. 14 तारखेला क्रीडा लवादानंही अर्ज फेटाळला.

पोरी त्या संध्याकाळी आल्या. मला वाटलं होतं येणार नाहीत. नऊच्या नऊ आल्या. कुणी जोर मारले नाहीत. सगळ्यांनी मिळून माती उकरली, पाणी, ताक आणि तेल मारून पुन्हा बसवली. मी दाराशी उभा होतो.

9 तारखेला अमन सेहरावतनं 57 किलोत ब्राँझ जिंकलं. 21 वर्षांचा पोरगा, लहानपणीच आईबाप गेलेले. त्यानंही आदल्या रात्री साडेचार किलोवर वजन उतरवलं होतं म्हणे. त्याचा काटा बरोबर आला. दोघांत फरक तेवढाच.

वस्तादांना (त्याच तालमीतली एक मुलगी)

मामा, माती आम्ही उकरली कारण तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, आजींनी सांगितलं होतं. मी 50 किलोतच आहे.

कॅम्प, बेळगाव (निवृत्त सुभेदार)

हॉकीचं कुणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. 4 ऑगस्ट, ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत. अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं तेव्हा पहिला अर्धाही संपला नव्हता. राहिलेला सगळा सामना दहा जणांनी खेळला, 1-1 वर ठेवला आणि शूटआऊट 4-2 नं जिंकला. फौजेत असताना मी माणसं कमी असताना ठाणं धरलेलं पाहिलंय, म्हणून मला ते दिसलं : कुणीही जागा सोडून धावत नव्हता. 8 तारखेला स्पेनला 2-1 हरवून ब्राँझ घेतलं. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक, हे 1972 नंतर पहिल्यांदाच.

गोलरक्षक श्रीजेश त्या सामन्यानंतर निवृत्त झाला. गोलखांबावर चढून बसलेला त्याचा फोटो पाहिला आणि मला आमच्या पलटणीचे शंकर लक्ष्मण आठवले. मराठा लाइट इन्फंट्रीचे. 1956 ला सुवर्ण, 1960 ला रौप्य, 1964 ला टोकियोत पाकिस्तानला 1-0 हरवून पुन्हा सुवर्ण, तिन्ही वेळा गोलात उभे. त्या काळी आजच्यासारखी शिरस्त्राणं नि जाड पॅड नव्हती. बेळगावच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या तरुणांना हे नाव ठाऊक नसेल तर आम्हा जुन्या लोकांचीच चूक आहे.

अथणी तालुका (किराणा दुकान)

सगळे ऑलिंपिकचं लिहिताहेत, पण माझं वर्ष सप्टेंबरात झालं.

माझा उजवा हात 2009 साली गुऱ्हाळात चरकात गेला. कोपराच्या खाली काही नाही. डाव्या हातानं पुड्या बांधायला शिकायला मला आठ महिने लागले. गिऱ्हाईक चांगलं बोलतं, पण पैसे हातात न देता गल्ल्यावर ठेवतं. त्यात वाईट हेतू नसतो, मला ठाऊक आहे.

4 सप्टेंबरला मुलगी शाळेतनं पळत आली आणि मोबाईल समोर धरला. सचिन खिलारी, करगणीचा, आटपाडी तालुक्यातला. सांगली जिल्हा म्हणजे आमच्या हद्दीपलीकडेच. शाळेत असताना सायकलवरनं पडला आणि हात निकामी झाला. पॅरालिंपिकमध्ये गोळाफेक, एफ 46 म्हणजे हात अधू असलेल्यांचा गट, 16.32 मीटर, रौप्य. सोन्याला 16.38 लागले. सहा सेंटीमीटर म्हणजे माझं बोटभर. मुलीला मी बोट धरून दाखवलं.

तो फेकतो कसा ते आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. गोळा मानेला लावतो, फिरतो, आणि अधू हातही तोल धरायला कामाला येतो. लोक म्हणतात एक हात ‘नाही’. त्याच्या फेकीत दोन्ही हात आहेत. हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही. तेव्हापासून मी पोतं उचलताना उजवा दंड लपवत नाही, त्याचा टेकू घेतो. पाठ दुखायची कमी झाली.

भारताला त्या स्पर्धेत 29 पदकं मिळाली, 7 सुवर्ण. दुकानातल्या रेडिओवर त्याबद्दल फार थोडं आलं. मुलगी वहीत लिहून ठेवायची, वही अजून गल्ल्याखाली आहे.

टिळकवाडी, बेळगाव

थोडक्यात लिहितो, कारण जखम आहे. ऑक्टोबरात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बाबांना बेंगळुरूला कसोटी दाखवायला नेलं. पहिला दिवस पावसानं धुतला. दुसऱ्या दिवशी, 17 तारखेला, भारत सर्वबाद 46. पाच जण शून्यावर. मॅट हेन्री 15 धावांत 5. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मैदानात बसून कसोटी पाहिली ती ही. शेवटी न्यूझीलंडनं आपल्याला आपल्याच घरात 3-0 हरवलं.

परतीच्या गाडीत मी माफी मागितली. बाबा म्हणाले, हेन्रीचा चेंडू टप्पा पडल्यावर किती हलतो ते टीव्हीवर कळतच नाही रे. त्यांनी लोंढा येईपर्यंत तेवढंच समजावून सांगितलं.

शहापूर, बेळगाव

नीरजचं कुणी लिहा ना. मी 8 ऑगस्टच्या मध्यरात्री एकटीच जागी होते, बाळ मांडीवर. पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा भाला 92.97 वर पडला, नीरजचा 89.45. दुसऱ्या दिवशी नीरजच्या आईचं बोलणं ऐकलं, सोनं जिंकलेला तोही आमचाच मुलगा. बाळाला घेऊन तो व्हिडिओ मी सासूबाईंना दाखवला. त्या देशाशी झालेल्या लढाईत त्यांचा भाऊ गेलाय. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आई आहे ती.”

जांबोटी भाग, खानापूर तालुका (प्राथमिक शिक्षक)

आमच्याकडे जंगलामुळे रेंज नाही. निकाल दुसऱ्या दिवशी एसटीबरोबर येतात, कंडक्टर पेपर आणतात. बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये खुला आणि महिला, दोन्ही गटांची सुवर्णं भारताला मिळाली, नागपूरच्या दिव्या देशमुखला तिच्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णही, हे आम्हाला असंच कळलं. त्यानंतर वर्गात पट आला. पट म्हणजे पुठ्ठा, आणि सोंगट्या मुलांनी मातीच्या केल्या, भट्टीत न भाजलेल्या. पावसाळी हवेत त्यांना शेव्यांसारखे तडे जातात, मग पुन्हा करायच्या.

12 डिसेंबरला सिंगापुरात गुकेश 18 व्या वर्षी जगज्जेता झाला. आधी सर्वांत लहान निर्विवाद जगज्जेत्याचा मान 22 व्या वर्षी जिंकलेल्या कास्पारोव्हचा होता. 13 तारखेला पेपर आला. पुढच्या रविवारी मी शहरात जाऊन चौदाव्या डावाच्या सगळ्या चाली वहीत उतरवून आणल्या. सोमवारी दुपारच्या सुट्टीनंतर आम्ही तो डाव मांडला. मी चाल वाचायची, चौथीतला एक धनगराचा मुलगा ती लावणार. बाकीचे गोल करून बसले.

55 वी चाल. पांढऱ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या डिंग लिरेनचा हत्ती एफ-दोनवर. मी वाचून थांबलो. पुढे काय होणार ते त्यांना सांगितलं नव्हतं : हत्ती मारले जातात, मग उंट समोरासमोर येऊन तेही मारले जातात, आणि उरलेल्या प्याद्यांत पांढऱ्याला डाव वाचवता येत नाही. मुलानं हत्ती उचलला. चौकटीवर धरला, ठेवला नाही. काळ्या उंटाकडे बघितलं, मग राजाकडे. वर्गात कुणी हललं नाही. मग त्यानं हत्ती जिथून उचलला होता तिथंच परत ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “गुरुजी, वहीत चुकलंय काय?”