अनुभव धागा : उंच टाचांच्या चपला आणि दुखणारे पाय

धागाकर्ती, मनीषनगर

नमस्कार. मागच्या आठवड्यात एका लग्नाहून परतताना गाडीत बसल्याबरोबर आम्ही चौघींनी पायांतल्या सँडल काढून हातात घेतल्या आणि घर येईपर्यंत दुसरा विषय निघाला नाही. प्रत्येकीचे दुखणे वेगळे होते, उपायही वेगळे होते, आणि त्यांतले काही तर एकमेकांच्या अगदी उलट होते. म्हणून हा धागा काढते आहे. काय केल्याने खरोखर बरे वाटले आणि त्याला किती दिवस लागले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. "हील्स घालूच नका" एवढाच सल्ला कृपया देऊ नये, कारण पुष्कळ जणींना त्या नोकरीमुळे घालाव्या लागतात आणि पुष्कळ जणींना त्या मनापासून आवडतात.

सुरुवात माझ्यापासून करते. नागपुरात वर्धा रोडवरील एका कार्यालयाच्या स्वागतकक्षात मी अकरा वर्षे काम केले. तीन इंच टाचेच्या काळ्या बंद चपला हा तेथील पोशाखाचा भाग होता. रात्री तळव्यांची आग होत असे. मी कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसायची आणि सकाळी पुन्हा त्याच चपला घालायची. नोकरी बदलल्यावर मी त्या चपला एका दिवसात टाकून दिल्या आणि पूर्ण सपाट चपला घालू लागले. आता पाय सुखावतील अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात आठवडाभरातच टाचेच्या मागची शीर इतकी ताणली गेली की जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागू लागला, आणि सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखे वाटे.

फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा त्यांनी पाय तपासण्याआधी मला जमिनीवर उकिडवे बसायला सांगितले. मी बसले, पण दोन्ही टाचा जमिनीपासून चांगल्या तीन बोटे वर राहिल्या. खाली टेकवायला गेले की मी मागे पडत होते. टाच अकरा वर्षे उचललेली राहिल्यामुळे पोटरीच्या स्नायूंना आखूड राहण्याची सवय लागली होती आणि सपाट चपलेत ते एकदम ओढले जात होते, हे त्यांनी समजावून सांगितले. मग तीन इंचांवरून दोन, दोनवरून दीड, अशी टाच दर तीन-चार आठवड्यांनी उतरवत नेली. त्याच्या जोडीला भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच जमिनीवर दाबून पोटरी ताणायची, तीस सेकंद धरायची, असे तीन वेळा. आधी मागचा गुडघा सरळ ठेवून आणि नंतर थोडा वाकवून, कारण पोटरीतले दोन स्नायू या दोन स्थितींत वेगवेगळे ताणले जातात. चार महिने लागले. गणपतीच्या दिवशी दारात रांगोळी काढायला उकिडवी बसले तेव्हा टाचा टेकल्या आहेत हे माझ्याआधी सासूबाईंच्या लक्षात आले.

एक शिक्षिका, प्रतापनगर

ताई, तुमचा अनुभव वाचून माझा सांगण्याचा धीर झाला. आपल्याकडे लग्ने लॉनवर होतात आणि संध्याकाळी त्या हिरवळीवर पाणी मारलेले असते. भाच्याच्या स्वागत समारंभात माझी पेन्सिल हील त्या ओल्या मातीत रुतली, मी पाऊल उचलले आणि पाय घोट्यातून बाहेरच्या बाजूला मुरगळला. घरी आल्यावर आत्याबाईंनी प्रेमाने तेल गरम करून घोटा चांगला चोळून दिला आणि वरून शेक दिला. सकाळपर्यंत सूज दुप्पट झाली होती. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, मात्र ताणला गेला होता. तीन आठवडे मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवले. आता लॉनवरचे लग्न असेल तर रुंद टाचेचे किंवा अखंड तळाचे वेजेसच घालते, कारण त्यांचा भार पसरतो आणि ते मातीत रुतत नाहीत.

फिजिओथेरपिस्ट, धंतोली

वरील अनुभवातील एका गोष्टीवर लिहिणे आवश्यक वाटते. मुरगळलेल्या पायाला पहिले दोन-तीन दिवस चोळू नये आणि शेकूही नये. आत आधीच रक्त आणि द्रव साचत असतो, उष्णतेने आणि रगडण्याने तो वाढतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे आणि झोपताना पायाखाली उशी ठेवून पाय उंच राहील असे पाहावे. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर तीव्र कळ येत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नये.

आता मूळ विषयाकडे येते. पावलात 26 हाडे असतात आणि सपाट उभे असताना शरीराचा भार टाच आणि चवडा यांच्यात वाटला जातो. टाच उचलली की तो भार पुढे सरकतो, आणि जितकी टाच उंच तितका चवड्यावरचा दाब जास्त. म्हणून हील्स घालणाऱ्यांचे दुखणे बहुधा टाचेच्या आधी चवड्यात सुरू होते. बाजारात मिळणाऱ्या जेलच्या गाद्या बहुतेक जणी चवड्याच्या बरोबर खाली चिकटवतात. त्या मऊ लागतात, पण आधीच तंग असलेल्या चपलेत जागा आणखी कमी करतात. चवड्याच्या हाडांचा भार कमी करणारा छोटा उंचवटा हवा असेल, तर तो दुखऱ्या जागेच्या किंचित मागे, कमानीकडे बसवावा लागतो. केवळ अर्ध्या इंचाचा फरक असतो, पण एवढ्यानेच त्या वस्तूचा उपयोग होतो किंवा होत नाही.

सूत्रसंचालन करणारी, लक्ष्मीनगर

मी गेली चौदा वर्षे कार्यक्रमांचे सूत्रसंचालन करते. रेशीमबागेतील सुरेश भट सभागृहात किंवा सिव्हिल लाइन्समधील देशपांडे सभागृहात तीन तास उभे राहणे हे माझे नेहमीचे काम आहे. साडेतीन वर्षांपूर्वी उजव्या पायात तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये असे वाटू लागले की चपलेत खडा गेला आहे. मध्यंतरात मी आडोशाला जाऊन चपला काढायची, उलटी करून झटकायची, आत बोट फिरवून पाहायची. खडा कधीच सापडला नाही. पुढे तेथे आग होऊ लागली, बोटे बधिर होऊ लागली, आणि चपला काढून पाऊल हाताने दाबले की दोन मिनिटांत बरे वाटे. एका अस्थिरोगतज्ज्ञांनी पावलाच्या दोन्ही बाजू एका हाताने दाबून धरल्या आणि दुसऱ्या हाताने त्या जागेवर दाब दिला, तेव्हा टक् असे झाले आणि मी ओरडलेच. त्यांनी त्याला मॉर्टन न्यूरोमा म्हटले. बोटांकडे जाणारी नस सतत चेपली जाऊन तिच्याभोवतीचे आवरण जाड झाले होते.

दोष टाचेचा जितका होता, तितकाच चपलेच्या टोकाचा होता, हे मला तेव्हा कळले. त्यांनी सांगितलेली एक परीक्षा मी आता प्रत्येक खरेदीपूर्वी करते. कोऱ्या कागदावर अनवाणी उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवायची आणि त्या आकृतीवर चपला ठेवायची. माझ्या सर्वांत आवडत्या लाल चपलेच्या दोन्ही बाजूंनी आकृती बोटभर बाहेर डोकावत होती, म्हणजे तेवढे पाऊल मी रोज कोंबत होते. मी रुंद टोकाच्या, दोन इंचांच्या चपला घेतल्या, वर फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितला तसा उंचवटा बसवून घेतला, आणि सभागृहात कोल्हापुरी घालून जाऊन विंगेत चपला बदलण्याची सवय लावली. अडीच महिन्यांनी खडा गेला. त्या लाल चपला मी कोणाला दिल्या नाहीत. दुसरीच्या पायात तरी त्या का घालाव्यात?

चपला दुरुस्त करणाऱ्या वडिलांची मुलगी, गोकुळपेठ

माझे वडील अठ्ठावीस वर्षे पादत्राणे दुरुस्त करतात. त्यांनी सांगितलेले मी लिहीत आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या उंच टाचेच्या चपला ते प्रथम ओट्यावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून पाहतात. टाचेच्या खालची रबरी टिकली एका बाजूने झिजलेली असते, बहुधा बाहेरच्या बाजूने. ती झिज दिसायला जोंधळ्याएवढी असते, पण टाच जितकी बारीक तितका चपलेचा तोल त्यामुळे अधिक कलतो आणि प्रत्येक पावलाला घोटा तो कल सावरत राहतो. "पाय दुखतो" म्हणून नवी चपला शोधणाऱ्या किती तरी बाया केवळ टिकली बदलून समाधानाने गेल्या आहेत. खिळ्याचे डोके दिसू लागेपर्यंत थांबू नये, असे ते सांगतात.

चामड्याची चपला पुढून चावत असेल तर ते ती लाकडी फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून एक-दोन दिवस ठेवतात आणि तेवढ्यात ती थोडी सैल होते. रेक्झिनची चपला मात्र फारशी ताणली जात नाही. ती तंग असेल तर घेऊच नये. टाच कापून कमी करता येते का, असे पुष्कळ जणी विचारतात. अर्ध्या इंचापर्यंत करता येते. त्याहून अधिक कापली की तळाचा बाक बिघडतो, टोक वर उचलले जाते आणि चालणे पहिल्यापेक्षा अवघड होते.

आणखी एक गोष्ट नागपूरकरांसाठी. डिसेंबरात घेतलेली चपला मे महिन्यात चावते, अशी तक्रार घेऊन दरवर्षी ग्राहक येतात. पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा पाय फुगतात. म्हणून खरेदी संध्याकाळी करावी, दोन्ही पायांत चपला घालून दुकानात चालून पाहावे, आणि ज्या पायाला ती घट्ट होते त्या पायाचे माप धरावे.

एक मुलगा, महाल

आईसाठी लिहीत आहे. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. जुन्या टोकदार सँडलमुळे करंगळीवर कुरूप झाले होते, त्यावर तिने औषधाच्या दुकानातून आणलेली पट्टी लावली. त्या पट्टीत कातडी झडवणारे सॅलिसिलिक आम्ल असते. पायाची संवेदना कमी झाल्यामुळे तिला जळल्याचे समजले नाही आणि जखम भरायला सात आठवडे गेले. मधुमेह असलेल्यांनी कुरूप घरी कापू नये, पट्टी लावू नये, आणि पाय बुडवायचे पाणी आधी कोपराने तपासून घ्यावे.

दुकानातील पर्यवेक्षिका, सदर

मीठ-पाणी आणि व्यायाम यांच्या आधी मला नियमाबद्दल बोलायचे आहे. आमच्या दुकानात विक्री करणाऱ्या मुलींना दोन इंचांहून अधिक टाच आणि दिवसभर उभे राहणे सक्तीचे होते. मी मालकांसमोर माहिती ठेवली. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2017 मध्ये कामाच्या ठिकाणची उंच टाचांची सक्ती काढून टाकली आणि त्याच वर्षी फिलिपिन्समध्येही तसा आदेश निघाला. मालकांनी लगेच होकार दिला नाही. दिवाळीच्या गर्दीत दोन मुली एकाच आठवड्यात रजेवर गेल्या, तेव्हा दिला. आता प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल आहे आणि बंद, काळी, नीटनेटकी चपला एवढाच नियम उरला आहे. विक्री कमी झालेली नाही.

एक आजी, धंतोली

आमच्या घरी काशाची वाटी आहे. तळव्याला तूप लावून ती गोल फिरवली की पाय हलके होतात आणि झोप लागते. माझ्या नातीला मी रविवारी रात्री वाटी फिरवून देते.

फिजिओथेरपिस्ट, धंतोली

आजी, जरूर करत राहावे. थकलेल्या तळव्याला त्याने नक्की आराम मिळतो. फक्त पोटरीचा ताण त्याने जात नाही, म्हणून नातीला आधी भिंतीजवळ उभे करावे आणि मग वाटी घ्यावी.

विद्यार्थिनी, वय 19, हिंगणा रोड

मी विमानसेवेच्या प्रशिक्षणात आहे. माझी उंची कमी आहे आणि चार इंचांच्या चपलांशिवाय मुलींच्या रांगेत उभे राहण्याचा मला धीर होत नाही. अंगठ्याच्या बाजूचे हाड लाल होते. मी काय करावे?

धागाकर्ती, मनीषनगर

बाळ, चार इंचांची टाच हवीच असेल तर जिच्या पुढच्या बाजूलाही एक इंच जाड तळ आहे अशी घे, म्हणजे पावलाला प्रत्यक्षात तीन इंचांचाच चढ पडेल. टाच रुंद घे आणि कागदावरची परीक्षा कर. वर्गात जाताना-येताना मेट्रोत साधे बूट घाल आणि चपला पिशवीत ठेव. रात्री पोटरी ताण. लाली टिकून राहिली किंवा अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकताना दिसला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. तो झुकाव गादीने किंवा तेलाने सरळ होत नाही.

विद्यार्थिनी, वय 19, हिंगणा रोड

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. नवी जोडी रुंद टोकाची घेतली आणि अंगठ्याजवळची लाली गेली आहे. भिंतीजवळचा व्यायाम रोज करते, परीक्षेच्या चार दिवसांत तेवढा चुकला. आज सकाळी उकिडवी बसून पाहिले. डावी टाच टेकते, उजवी अजून बोटभर वर राहते.